खडी, सुकडी आणि हक्क

इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या वाट्याला चार वर्षांत दोन दुष्काळ आले, आणि दोन्ही वेळी ते दोन वेगळेच गृहस्थ असल्यासारखे वागले. १८७३-७४ मध्ये बिहारात पिके बुडाली, तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ मागवला, तो आडगावांपर्यंत पोहोचवला, कामावर येणाऱ्याला पोटापुरती मजुरी दिली. भुकेने जवळजवळ कोणी मेले नाही. शाबासकी मिळावी अशीच कामगिरी होती. मिळाली ती बोलणी. एवढा खर्च कशाला केला, लोकांना आयते खायची सवय लावली, असा गिल्ला लंडनच्या वृत्तपत्रांनीही केला. मग १८७६ च्या अखेरीस मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळाने हाहाकार उडाला, आणि व्हाइसरॉय लिटन यांनी पाहणीला पाठवले ते याच टेंपलसाहेबांना. आता साहेबांनी हात आखडला. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रत्तल, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची. ‘टेंपल वेज’ म्हणून हा दर पुढे इतिहासात कुप्रसिद्ध झाला. १८७६ ते ७८ या काळात या दुष्काळाने किती जीव घेतले याचे अंदाज ५५ लाखांपासून पुढे जातात.

साहेब दुष्ट होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो ज्या इंग्लंडात वाढला त्या इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला होता. टेंपल तेव्हा आठ वर्षांचे होते. मदत हवी असेल तर घर सोडून ‘वर्कहाउस’मध्ये भरती व्हायचे, तिथे नवरा, बायको, मुले वेगवेगळ्या खणांत राहणार, आणि आतले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा जरा वाईटच ठेवायचे, असे त्या कायद्याचे सूत्र होते. म्हणजे खरा नडलेलाच दारात येईल. पुरुषांना तिथे जी कामे देत त्यांतले एक होते दगड फोडण्याचे. टेंपल आणि त्यांच्या पिढीचे कलेक्टर हे संस्कार बोटीत घालूनच इकडे आले. दख्खनमध्ये त्यांनी काम मुद्दाम गावापासून काही कोस लांब काढले. बायकापोरांना घेऊन, घराला कुलूप घालून जो एवढा लांब येईल तोच खरा भुकेला, असे मानायची रीत होती.

मजुरांना हा हिशेब पटला नाही. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजूर दुष्काळी कामे सोडून निघाले. लांबच्या छावण्यांत जायला त्यांनी नकार दिला, वाढीव मजुरी मागितली. पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिचे गणेश वासुदेव जोशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उपाशी माणसांनी संप करावा ही गोष्ट सरकारला चमत्कारिक वाटली. भुकेल्याने मिळेल ते घ्यावे एवढेच साहेबांना ठाऊक होते. मद्रासेत डॉक्टरांनीही या दराविरुद्ध तक्रार केली आणि काही महिन्यांत तिथे तो दर मागे घ्यावा लागला.

माणसाला सरकारी मदतीची लाज वाटते, की तो ती हक्काने मागतो, की तिच्याकडे संशयाने पाहतो, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या घरात सरकार पहिल्यांदा कोणत्या रूपात शिरले यावर जास्त अवलंबून असते. श्रीमंतीचेही तसेच. समोरचा पैसेवाला कष्टाने मोठा झाला की कुणाचे तरी घर बुडवून, याचे उत्तर बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेले असते.

दख्खनच्या शेतकऱ्याच्या घरात सरकार आले ते सारा गोळा करायला, आणि श्रीमंती आली ती सावकाराच्या चोपडीतून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा, १८६१ ते ६५ या काळात, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यात सरकारने सारा वाढवला. कर्ज मात्र चोपडीत वाढतच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले आणि सावकारांच्या घरांत घुसले. त्यांना हवी होती कर्जरोख्यांची बाडे. ती ओढून काढून त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पुढे जिथे जिथे दंगे झाले तिथे बहुधा हाच क्रम होता: कागद द्या, नाहीतर घर जाळू. रक्तपात फारसा झाला नाही. चौकशी समिती बसली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार काय होता हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कालपर्यंत सावकाराच्या हुकूमनाम्याची जप्ती घेऊन येणारे सरकार आता सावकाराला अडवू लागले. ‘सरकार मायबाप’ आणि ‘सरकार मेले’ ही दोन्ही बोलणी एकाच तोंडातून निघतात त्याचे मूळ इथेही असावे.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. सरकारने लष्करातल्या आणि पोलिसांतल्या फालतू माणसांकडून ठिकठिकाणी बंधारे, ताली, तळी बांधून घ्यावीत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल, अशी सूचना त्यांनी त्यात केली आहे. मदत हवी ती पाण्याची, असा त्यांचा रोख होता. नव्वद वर्षांनी ‘पाझर तलाव’ हा शब्द खेडोपाडी झाला, तेव्हा ही सूचना किती जणांना आठवली असेल कोण जाणे.

त्याआधीच १८८० च्या दुष्काळ आयोगाने सगळ्या अनुभवाची नियमावली करायला घेतली. त्यातून ‘फॅमिन कोड’ तयार झाले: दुष्काळ केव्हा जाहीर करायचा, धडधाकटांना कोणते काम, पंगूंना कोणती फुकट मदत, मजुरी किती. सरकारने हे पुस्तक आपल्या अधिकाऱ्यांसाठी छापले होते. टिळकांनी ते लोकांच्या हातात दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव सांगायला सुरुवात केली की पीक बुडाले तर सारा तहकूब होऊ शकतो, काम मागितले तर सरकारने ते द्यायचे आहे, आणि ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे, सरकारनेच लिहून ठेवलेले आहे. सरकार इतके चिडले की १८९७ मध्ये त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. चिडण्यासारखेच होते म्हणा. भीक मागणाऱ्याला हाकलता येते. नियमाचे कलम दाखवणाऱ्याचे काय करायचे?

इतिहासाचा असा ठसा मनावर खरोखर उमटतो, की हे नंतर जुळवलेले कथानक असते? जगात दोन-तीन ठिकाणी परिस्थितीनेच याची परीक्षा घेतली आहे. जर्मनी हे त्यांतले सर्वांत मोठे उदाहरण. एकच भाषा, एकच जुना इतिहास, सारखेच लोक. दुसऱ्या महायुद्धानंतर मधोमध रेघ पडली आणि चार दशके एका बाजूला साम्यवादी राजवट, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ. कोण कुठल्या बाजूला राहिला ते मुख्यतः फौजा कुठे थांबल्या त्यावर ठरले. १९९० मध्ये देश पुन्हा एक झाला. त्यानंतर १९९७ आणि २००२ मध्ये हजारो जर्मनांना विचारले गेले की बेकारी, आजारपण, म्हातारपण, मुलेबाळे, अपंगांची देखभाल यांची आर्थिक जबाबदारी सरकारची की माणसाची स्वतःची? अल्बेर्तो अलेसिना आणि निकोला फुक्स-श्युंडेल्न या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तरे पडताळली. पूर्वेकडे वाढलेली माणसे सरकारकडे बोट दाखवण्यात पश्चिमेकडच्यांपेक्षा खूप पुढे होती. पूर्वेकडे गरिबी जास्त म्हणून असे असेल, हा आक्षेप त्यांनी उत्पन्न आणि नोकरी हिशेबात धरून तपासला. तरी फरक उरलाच. ज्यांनी जुनी राजवट जास्त वर्षे पाहिली त्यांचा कल जास्त पक्का होता. हा फरक पुसला जायला वीस ते चाळीस वर्षे, म्हणजे एक ते दोन पिढ्या लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. भिंत पाडायला एक रात्र पुरली होती.

दुसरे उदाहरण लहान, पण अधिक गमतीचे. १९८१ मध्ये अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या कडेला सुमारे १८०० गरीब कुटुंबांनी ओसाड पडीक जमिनीवर खोपटी बांधली. जमीन सरकारी आहे अशी त्यांची समजूत होती. निघाली ती खाजगी, आणि एकाची नव्हे, तेरा वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेली. १९८४ मध्ये सरकारने कायदा करून ती ताब्यात घेऊन रहिवाशांच्या नावे करायचे ठरवले. काही मालकांनी नुकसानभरपाई घेतली. काही कोर्टात गेले. त्यामुळे एकाच वस्तीत, एकाच गल्लीच्या अलीकडे घराचा कागद हातात आलेली कुटुंबे आणि पलीकडे कागद नसलेली, असा प्रकार झाला. यात कुणाच्या कर्तबगारीचा प्रश्न नव्हता, नशिबाचा होता. पुढे अभ्यासकांनी दोन्हीकडच्यांना विचारले की माणूस एकट्याच्या बळावर पुढे जाऊ शकतो का, पैसा महत्त्वाचा आहे का. कागदवाल्यांची उत्तरे जास्त ‘बाजारी’ निघाली. तुमची मते अशी का, असे विचारले असते तर त्यांनी बहुधा आपल्या कष्टांचा आणि संस्कारांचा दाखला दिला असता. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव चढल्यावर माणसाची चाल कशी बदलते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात फार नवल वाटणार नाही.

वयाचाही यात भाग आहे. पाओला ज्युलियानो आणि अँतोनियो स्पिलिम्बेर्गो यांनी अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या पाहण्या चाळून असे दाखवले, की अठरा ते पंचवीस या वयात ज्यांनी आपल्या भागात मोठी मंदी सोसली, ते पुढे आयुष्यभर यशात नशिबाचा वाटा मोठा मानतात आणि सरकारने श्रीमंत-गरीब अंतर कमी करावे असे म्हणतात. चाळिशीत सोसलेली मंदी खिसा रिकामा करते, मत तेवढे बदलत नाही.

महाराष्ट्रात अठरा ते पंचवीस या वयातल्या एका अख्ख्या पिढीला बहात्तरचा दुष्काळ भेटला. १९७२ असे पूर्ण कोणी म्हणत नाही. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे नुसते ‘बहात्तर’ पुरते. आधीची वर्षेही कोरडीच गेली होती. बहात्तरात तर राज्याचे धान्य नेहमीच्या निम्म्याच्याही खाली आले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, आणि जिथे दुसरे काही सुचत नव्हते तिथे खडी. मोठे दगड फोडून लहान करायचे, लहान फोडून आणखी लहान करायचे, ढीग लावायचा, ढिगाचे माप घेऊन पैसे. बायका बोटांना चिंध्या गुंडाळून हातोडी चालवत. मुकादम हजेरी घेई, कारकून मस्टर भरी, आणि मस्टरवर न आलेल्या माणसांची नावे कशी चढतात हे शिक्षणही लोकांना तिथेच मिळाले. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो होती. कामावर सुकडी मिळे. कित्येक घरांत ती पोरांसाठी पदराला बांधून नेली जाई.

एवढे धान्य बुडूनही १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. सरकार हलले यात शंका नाही, पण ते हलवावेही लागले. लाल निशाण पक्षाने आणि इतर संघटनांनी दुष्काळी कामांवर मोर्चे काढले, संप केले. काम वेळेवर निघावे, मजुरी वेळेवर मिळावी, धान्य पुरेसे यावे. १८७७ च्या संपावरचा साहेबी आश्चर्याचा सूर मात्र या वेळी ऐकू आला नाही. दुष्काळात काम मागायचे असते, हे मागणाऱ्यालाही माहीत होते आणि देणाऱ्यालाही.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही मागणी दुष्काळापासून सोडवली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ पासून त्यांचा प्रयोग चालला होता: दुष्काळ असो नसो, अंगमेहनत करायला तयार असलेल्याला गावाजवळ काम द्यायचे. ‘मागेल त्याला काम’. वसंतराव नाईक यांच्या सरकारने हा विचार उचलला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता. आणि काम शक्यतो पाच किलोमीटरच्या आत. १८७७ मध्ये जे काम मुद्दाम कोसोगणती लांब ठेवले जात होते ते शंभर वर्षांनी कायद्याने गावाच्या शिवेवर आले. देशपातळीवर असा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

दोन गोष्टी मात्र टेंपलसाहेबांच्या काळातून तशाच चालत आल्या: टिकाव-फावडे आणि माप. रोजगार हमीवर मजुरी कामाच्या मापाप्रमाणे. हक्क होता, पण घाम गाळायच्या अटीवर. ही अट लोकांना अपमानास्पद वाटली नाही, उलट तीच प्रतिष्ठेची झाली. ‘आम्ही फुकट नाही खाल्लं, खडी फोडली’ हे वाक्य बहात्तर पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अभिमानाने निघते. या कामांवर निम्म्याच्या आसपास बायका असत, आणि स्वतःच्या नावाने हजेरी, स्वतःच्या हातात मजुरी ही गोष्ट त्यांच्यापैकी अनेकींनी पहिल्यांदा तिथे अनुभवली. परित्यक्ता, विधवा, भूमिहीन बाईला तर गावच्या पाटलाच्या शेताखेरीज दुसरी जागा मिळाली. मजुरीवरून पाटलाशी घासाघीस करायला ती जागा पुरेशी होती.

या योजनेचा पैसा कुठून आला, हे शहरातल्या पगारदारांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी. आजही मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपयांची एक ओळ असते, फेब्रुवारीत ती ३०० ची होते, वर्षाचे २५०० भरतात. ही ओळ पाहून ‘आमच्या टॅक्सवर लोक मजा मारतात’ असे म्हणणाऱ्यांच्या आज्या-आजोबांत बहात्तरात खडी फोडलेले, मग मुंबईची नाहीतर पिंपरी-चिंचवडची वाट धरलेले कितीतरी सापडतील. तिसऱ्या पिढीला खडी दिसत नाही, कपात दिसते.

इथे एक गोष्ट मराठी माणूस सहसा बोलत नाही. खडी फोडणाऱ्याला मिळते ती ‘मदत’. बागायतदाराला मिळते तिला दुसरी नावे आहेत. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि सावकाराच्या चोपडीतून बाहेर पडायचा तो खरा, मोठा मार्ग होता. सुप्याला पेटलेल्या रोख्यांचे हे विधायक उत्तर म्हटले तरी चालेल. पण पुढे अशा कारखान्यांत राज्य सरकारने भागभांडवल घातले, कर्जांना हमी दिली, धरणांचे पाणी दिले. त्या पैशाने जी सुबत्ता आली ती घराघरांत ‘आमच्या वडिलांनी कष्टाने उभे केले’ अशीच सांगितली जाते. कष्ट होतेच. सरकारही होते. अर्जेंटिनातल्या त्या गल्लीत कागद मिळालेल्या बाजूला उभे राहिल्यावर पलीकडचा आळशी वाटू लागतो, तसाच हा प्रकार. अमेरिकेत एका जागतिक पाहणीत ६० टक्के लोकांनी गरीब आळशी असतात असे सांगितले होते. युरोपात असे म्हणणारे २६ टक्केच निघाले. महाराष्ट्रात हीच सीमारेषा एखाद्या तालुक्यात कालव्याच्या दोन काठांवर सापडेल.

२०२४ च्या ऑगस्टपासून राज्यातल्या लाखो बायकांच्या खात्यात ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला १५०० रुपये जमा होऊ लागले. मस्टर नाही, मुकादम नाही, माप नाही. दीडशे वर्षांत या मुलखातल्या धडधाकट माणसाला सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर बिनकामाचा पैसा कधी दिला नव्हता. पारावरच्या चर्चेत म्हणूनच एक कुरबुर ऐकू येते: ‘काम न करता?’ ती करणाऱ्यांत साठी-सत्तरीचे पुष्कळ असतात. घरात राबणाऱ्या बाईचे काम मोजायचेच ठरवले तर कुठल्या ब्रासने मोजायचे, हा तरण्या सुनांचा उलट सवालही तितकाच जुना आहे. तो विचारायला खात्यात पैसे यावे लागले एवढेच.

या योजनेला वयाची अट आहे २१ ते ६५. बहात्तरात अठरा वर्षांची असलेली बाई २०२४ मध्ये सत्तर वर्षांची होती, म्हणजे ती यात बसत नाही. तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, पण त्यासाठी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. लाडक्या बहिणीला ही मर्यादा अडीच लाखांची आहे. दाखला काढायला तालुक्याला जावे लागते. एसटी जाते त्या रस्त्याच्या डांबराखाली कित्येक ठिकाणी बहात्तरचीच खडी आहे.